एकोणचाळीस मिनिटांची लढाई

जुन्नर तालुक्यातल्या निमगाव सावा गावात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात नेमके बारा वाजलेले नसतात. वर्षाची सरासरी काढली तर बारा वाजून तेहतीस-चौतीस मिनिटं झालेली असतात. गावाचा रेखांश सुमारे ७४ अंश आणि भारताची प्रमाणवेळ मोजली जाते ती ८२ अंश ३० मिनिटांच्या रेखांशावर, उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळ. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. साडेआठ अंशांचा फरक म्हणजे अर्ध्या तासाहून थोडी जास्त तफावत. ही तफावत आज कोणाला जाणवत नाही. ती अंगवळणी पडण्याआधी मात्र महाराष्ट्राच्या राजधानीत जवळजवळ पाऊण शतक वाद चालला. सभा झाल्या, अर्ज गेले, गिरण्यांवर दगड पडले, आणि एकाच रस्त्यावरच्या दोन इमारतींमध्ये दोन वेगवेगळ्या वेळा नांदल्या. ‘मुंबई टाइम’ आणि ‘स्टँडर्ड टाइम’ यांच्यातल्या या लढाईची ही हकीकत.

कासराभर दिवस

घड्याळ यायच्या आधी वेळ नव्हती असं नाही. जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याकडे वेळ सांगणारी भाषा भरपूर होती. शुक्राची चांदणी उगवली की मोट धरायला उठायचं. कोंबडं आरवलं, झुंजूमुंजू झालं, दिवस कासराभर वर आला, न्याहारीची वेळ झाली, दिवस कलला, तिन्हीसांजा झाल्या, दिवेलागण झाली, जेवणवेळ टळून गेली. यातल्या प्रत्येक शब्दाला मिनिटांचा हिशोब नव्हता, पण गावातल्या प्रत्येकाला तो सारखाच कळत होता. कारण सगळे एकाच आभाळाखाली, एकाच उन्हात काम करत होते.

काटेकोर वेळ हवी असे ती लग्नाला. तिथे घटिकापात्र होतं. पाण्याने भरलेल्या घंगाळात तांब्याची एक हलकी वाटी सोडायची. तिच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. त्यातून पाणी हळूहळू आत चढतं, वाटी जड होत जाते आणि बरोबर एका घटकेने, म्हणजे चोवीस मिनिटांनी, तळाला जाते. मग ती काढून, रिकामी करून पुन्हा सोडायची. अशा साठ घटका म्हणजे एक अहोरात्र. एका घटकेची साठ पळं, एका पळाची साठ विपळं. दोन घटकांचा एक मुहूर्त. मोजणी सुरू व्हायची ती त्या गावच्या सूर्योदयापासून. म्हणून प्रत्येक गावची घटका त्या गावची होती आणि शेजारच्या तालुक्याशी ती जुळवून घेण्याची कोणाला गरजही नव्हती.

आपल्या भाषेत या जुन्या जाणिवेची एक बारीक खूण शिल्लक आहे. ‘वेळ झाली’ म्हणताना वेळ स्त्रीलिंगी असते. तो नेमका क्षण असतो, ठरलेला, येऊन ठेपलेला. ‘वेळ गेला’ म्हणताना वेळ पुल्लिंगी होतो. तो कालावधी असतो, सरणारा. संस्कृतातल्या ‘वेला’ शब्दात वेळ आहे, समुद्राचा किनारा आहे आणि भरतीही आहे. इंग्रजीतल्या ‘टाइम’चं घराणंही याच वळणाचं. जुन्या इंग्रजीतला तो शब्द आणि भरती-ओहोटीसाठीचा ‘टाइड’ हे एकाच मुळातून निघालेले आहेत, आणि त्या मुळाचा अर्थ वाटणी, हिस्सा असा लावला जातो. म्हणजे तिकडच्या लोकांनीही वेळ आधी निसर्गात पाहिली. घड्याळं आली तेव्हा त्यांना ‘घड्याळाचे इतके’ असं वेगळं सांगावं लागलं. तेच आखडून ‘ओ’क्लॉक’ झालं. सूर्याचे बारा आणि घड्याळाचे बारा हे दोन निराळे आहेत ही जाणीव त्या एवढ्याशा शब्दात आहे. मराठी मुलखात हा फरक लोकांना कळला तो आगगाडीमुळे.

आगगाडीने आणलेला प्रश्न

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले, १८६३ मध्ये बोरघाट ओलांडून मुंबई-पुणे जोडले गेले. जुन्नरकडच्या माणसाने माळशेज किंवा नाणेघाट उतरून कल्याण गाठलं की त्याला एका नव्या गोष्टीला तोंड द्यावं लागे. गाडी कोणासाठी थांबत नाही, आणि ती ‘सकाळी’ सुटत नाही. अमुक वाजून अमुक मिनिटांनी सुटते.

पण अमुक वाजले ते कोणाच्या घड्याळात? मुंबईत सूर्य माथ्यावर येतो त्याच्या चार मिनिटं आधी तो पुण्यात आलेला असतो, तीस मिनिटं आधी मद्रासला आणि एक तासाहून थोडा जास्त वेळ आधी कलकत्त्याला. प्रत्येक शहर आपापल्या माध्यान्हीला बारा मानत होतं. ग्रीनिच वेळेच्या पुढे मुंबई ४ तास ५१ मिनिटं, मद्रास ५ तास २१ मिनिटं, कलकत्ता सुमारे ५ तास ५४ मिनिटं. बैलगाडीच्या जमान्यात याने काहीच बिघडत नव्हतं. एकाच रुळावर समोरासमोरून दोन गाड्या यायच्या असतील तर मात्र स्टेशनमास्तरांचं आपसात एकमत असायलाच हवं.

म्हणून १८७० मध्ये रेल्वेने देशभरासाठी मद्रास टाइम घेतला. मद्रासला जुनी वेधशाळा होती, तिथून तारायंत्राने वेळेचा इशारा सगळीकडे धाडता येत होता, आणि मुंबई-कलकत्ता या दोन मातब्बर शहरांच्या मधोमध तो रेखांश पडत होता. तेव्हापासून मुंबईकराच्या डोक्यात दोन वेळा आल्या. शहराची एक, स्टेशनची दुसरी, आणि स्टेशनची अर्धा तास पुढे. घरच्या घड्याळात साडेसहा वाजले की स्टेशनात सात झालेले.

मुंबईची स्वतःची वेळ काही ऐकीव नव्हती. कुलाब्याला १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने वेधशाळा उभारली होती. बंदरातल्या जहाजांना समुद्रात रेखांश काढण्यासाठी बिनचूक वेळ लागते, आणि ती पुरवणं हे या वेधशाळेचं एक मूळ काम होतं. शहराचा ‘टाइम’ या शास्त्रशुद्ध पायावर उभा होता. १८७८ साली विद्यापीठाचा राजाबाई टॉवर पुरा झाला. प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख रुपये दिले आणि आपल्या आईचं नाव मनोऱ्याला दिलं. २८० फूट उंचीच्या त्या मनोऱ्यावरून घड्याळाचे टोले पडू लागले आणि मुंबईला आपला टाइम कानांनी ऐकू येऊ लागला.

फर्ग्युसनसाहेबांचा हुकूम

पहिली चकमक १८८१ मध्ये झडली. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी इलाख्याच्या सरकारी कचेऱ्यांना मद्रास टाइम लागू केला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच हे गृहस्थ. हुकमामागे प्रशासनाची सोय होती: रेल्वे आणि तारखातं मद्रास टाइम पाळतात, मग कचेऱ्यांनी दुसरी वेळ का पाळावी?

शहराने हा हुकूम मनापासून स्वीकारला नाही. बाजार, पेढ्या, देवळं, मशिदी, अग्यारी, घरं मुंबईच्या वेळेने चालत राहिली. मुंबईने मद्रासच्या सूर्यावर उठावं-बसावं ही कल्पनाच लोकांना खटकली. गोऱ्या व्यापाऱ्यांपासून देशी पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांचा सूर एकच होता, आणि ही गोष्ट त्या काळात विरळा. विद्यापीठाच्या सिनेटनेही टॉवरच्या घड्याळासाठी मुंबईच्याच वेळेची बाजू घेतली. अखेर १८८३ मध्ये सरकारने पाय मागे घेतला आणि कचेऱ्या मुंबई टाइमवर परत आल्या. रेल्वेचा मद्रास टाइम तसाच राहिला.

या पहिल्या फेरीतून शहराला एक गोष्ट समजली: सरकारचं घड्याळ मागे फिरवता येतं. पुढच्या सगळ्या घडामोडींत ही आठवण कामाला आली.

ग्रीनिच, भूकंप आणि कर्झन

तोवर जग एका घड्याळाकडे सरकत होतं. ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टनला पंचवीस देशांचे प्रतिनिधी जमले आणि ग्रीनिचचा रेखांश शून्य मानायचं ठरलं. हिंदुस्थानात या प्रश्नाला धार आली ती भूकंपामुळे. १२ जून १८९७ रोजी आसामात प्रचंड भूकंप झाला. भूगर्भशास्त्र खात्याचे रिचर्ड ओल्डहॅम त्याचा अभ्यास करत होते. धक्का कुठे किती वाजता पोचला यावरून लहरींचा वेग काढायचा, तर गावोगावच्या नोंदी वेगवेगळ्या वेळांतल्या. १८९९ मध्ये त्यांनी हिंदुस्थानातल्या वेळेची घडी नीट बसवण्याची सूचना मांडणारा निबंध लिहिला. ग्रीनिचच्या पुढे पुऱ्या अर्ध्या तासाच्या पटीत बसणारी वेळ देशाने घ्यावी, हा विचार पुढे मान्य झाला आणि साडेपाच तासांचा आकडा ठरला.

लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने तो अंमलात आणला. १ जुलै १९०५ पासून रेल्वे आणि तारखात्याची घड्याळं मद्रास टाइमच्या नऊ मिनिटं पुढे गेली आणि ‘इंडियन स्टँडर्ड टाइम’ अस्तित्वात आला. मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांनी तो १ जानेवारी १९०६ पासून घेतला. मुंबईच्या खऱ्या वेळेपेक्षा तो एकोणचाळीस मिनिटं पुढे होता.

मुहूर्त याहून वाईट निघाला नसता. १६ ऑक्टोबर १९०५ ला बंगालची फाळणी झाली होती. परदेशी कापडाच्या होळ्या पेटत होत्या, स्वदेशीच्या आणाभाका घेतल्या जात होत्या. कर्झनच्या सहीने येणाऱ्या कशावरही लोकांचा भरवसा उरला नव्हता. ज्या सरकारने एक प्रांत न विचारता तोडला, तेच आता न विचारता सूर्योदय बदलत आहे, असं लोकांना वाटलं.

गिरणीच्या दारात

या बदलाचा खरा भार कोणावर पडला हे पाहायचं तर गिरणगावात जायला हवं. जानेवारीत मुंबईचा सूर्य आजच्या घड्याळाने सव्वासातच्या सुमारास उगवतो. मुंबई टाइमप्रमाणे ते साडेसहा. म्हणजे गिरणी घड्याळातल्या सहाला सुरू होत असेल, तर जुन्या वेळेने कामगार उजाडायच्या अर्धा तास आधी यंत्रापाशी पोचे. नव्या वेळेने तोच ‘सहा’चा भोंगा उजाडायच्या सव्वा तास आधी वाजणार. खोल्यांत दाटीने राहणाऱ्या, कोकणातून आणि घाटावरून आलेल्या या माणसांकडे घड्याळं नव्हती. उठायचं ते अंधाराच्या अंदाजाने आणि भोंग्याच्या आवाजावर. उशीर झाला की दंड.

त्यात त्याच सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले होते. पूर्वी अंधार पडला की यंत्रं थांबत, आता ती थांबेनात. दिवस बारा-तेरा तासांवरून चौदा-पंधरा तासांवर गेला आणि त्याविरुद्ध १९०५ मध्ये कामगार संप करत होते. पुरुष कामगारांसाठी बारा तासांची मर्यादा घालणारा कायदा यायला १९११ साल उजाडावं लागलं. अशा वेळी घड्याळाचा काटा पुढे सरकवणं म्हणजे संध्याकाळी दिव्याने ताणलेला दिवस पहाटेलाही ताणणं.

जानेवारी १९०६ मध्ये मुंबईच्या कडेच्या भागातले हजारो गिरणी कामगार काम सोडून बाहेर पडले आणि गिरण्यांवर दगडफेक झाली. वेळेच्या प्रश्नावर मजुरांनी केलेल्या उठावाची इतकी ठळक उदाहरणं जगाच्या इतिहासातही थोडी आहेत. शिकलेल्या मुंबईने अर्ज केले, सभा भरवल्या; हजारो सह्यांचं निवेदन सरकारकडे गेलं. कामगारांकडे अर्ज लिहिणारा नव्हता, म्हणून त्यांचा शब्द इतिहासात दगडाच्या रूपाने नोंदला गेला. पण दोघांचं म्हणणं एकच होतं. आमच्या जगण्याची वेळ ठरवताना आम्हाला विचारलं का नाही?

शहराचे दोन काटे

राजकीय आघाडी उघडली मुंबई महापालिकेने. तिथे सर फिरोजशहा मेहतांचा शब्द चालत असे. सरकारी दडपणाला न जुमानता पालिकेने १९०६ मध्येच ठराव करून आपली घड्याळं मुंबई टाइमवर ठेवली. कायद्याने सरकारला ती बदलायला लावता येत नव्हती. आणि मग शहराने जे अनुभवलं ते आज कल्पनेतही आणणं अवघड आहे.

बोरीबंदरच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरचं भव्य घड्याळ रेल्वेचं, म्हणून स्टँडर्ड टाइमचं. रस्ता ओलांडला की समोर महापालिकेची कचेरी, तिथे मुंबई टाइम. एका दारात अकरा वाजलेले, दुसऱ्या दारात दहा वाजून एकवीस मिनिटं. सभेच्या आमंत्रणात, नाटकाच्या जाहिरातीत वेळेपुढे ‘मुं. टा.’ किंवा ‘स्टँ. टा.’ असा खुलासा करावा लागे. ज्याला गाडी पकडायची त्याने एक हिशोब करायचा, ज्याला पालिकेत काम त्याने दुसरा. लोकांनी या लढाईला घड्याळांची लढाई म्हटलं आणि हळूहळू तिच्याबरोबर राहायला शिकले.

या दुहेरी वेळेत ज्यांचं पोट वेळेवर अवलंबून होतं अशी एक जमात आमच्या भागातली आहे. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत डबे पोचवण्याचं काम उभं केलं. त्यांच्यामागे खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ, अकोले इथली वारकरी कुटुंबातली माणसं या धंद्यात आली. डबेवाल्याचा दिवस म्हणजे मिनिटांची साखळी: घरून डबा उचलायचा, स्टेशन गाठायचं, ठरलेली गाडी धरायची, कचेरीच्या जेवणाच्या सुट्टीआधी तो टेबलावर ठेवायचा. साखळीतली गाडी रेल्वेच्या वेळेची होती. स्वयंपाकघर मात्र सूर्याच्या आणि शहराच्या वेळेचं. मावळतीच्या अंदाजाने वाढलेली, बहुतेक शाळा न पाहिलेली ही माणसं दोन घड्याळांच्या शहरात नेमकेपणासाठी नावाजली गेली. नोव्हेंबर २००३ मध्ये इंग्लंडचे तेव्हाचे युवराज चार्ल्स त्यांना भेटायला चर्चगेटला आले, तेव्हा भेटीची वेळ डबेवाल्यांच्या कामाच्या वेळापत्रकात बसवण्यात आली. जिथून वेळेचा हुकूम निघत असे त्या राजघराण्याचा वारस घाटावरच्या माणसांच्या सोयीने आला, याचा आमच्या भागाला वाटणारा अभिमान रास्त आहे.

दुसऱ्या महायुद्धात गुंता आणखी वाढला. दिवसाच्या उजेडाचा फायदा घेऊन वीज वाचवण्यासाठी १ सप्टेंबर १९४२ पासून सरकारने स्टँडर्ड टाइमही एक तास पुढे नेला आणि तो १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत तसाच ठेवला. त्या तीन वर्षांत सरकारी घड्याळ आणि मुंबईचा सूर्य यांच्यात एक तास एकोणचाळीस मिनिटांचं अंतर होतं.

स्वातंत्र्य आलं आणि लढाईचं कारणच गेलं. ज्याला विरोध करायचा ते सरकार उरलं नव्हतं. कलकत्त्याने आपली वेगळी वेळ १९४८ मध्ये सोडली. मुंबईत जुन्या वेळेचा वापर हळूहळू मागे पडत गेला आणि १९५५ पर्यंत तो संपला. काही पारशी अग्यारींत धार्मिक विधींसाठी मुंबई टाइम त्यानंतरही जपला गेला. प्रहरांनुसार प्रार्थना करणाऱ्यांना सूर्याशी इमान राखावं लागतं.

गावात घड्याळ कसं आलं

मुंबई इतकी झगडत असताना निमगाव सावासारख्या गावांचं काय चाललं होतं? त्यांना ना फर्ग्युसनसाहेबांनी विचारलं, ना कर्झनसाहेबांनी, ना फिरोजशहांनी. जुन्नर तालुक्यात आजही रेल्वे नाही. इथे स्टँडर्ड टाइम हुकमाने आला नाही, सोयीच्या मागे चालत आला.

आधी आली शाळेची घंटा आणि चावडीवरचा कारभार. मग मुंबईहून सुट्टीला आलेल्या गिरणीवाल्याच्या, माथाड्याच्या मनगटावरचं घड्याळ. १ जून १९४८ रोजी नगर-पुणे मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत ती आडगावांपर्यंत पोचली. गावाच्या दिवसाला नवे खांब मिळाले: पहिली गाडी, दुपारची गाडी, मुक्कामी गाडी. आकाशवाणीने तेच आणखी पक्कं केलं. बातम्यांच्या आधीचा तो ‘टुक टुक’ इशारा ऐकून लोक घड्याळं लावून घेत. १९६१ पासून एचएमटीची देशी घड्याळं निघू लागली आणि लग्नात नवरदेवाला घड्याळ देणं ही गावोगावची चाल झाली. नारळ फोडून सुरू होणारा नारायणगावचा तमाशा असो की कालव्याच्या पाण्याची पाळी, सगळं ‘टायमावर’ मोजलं जाऊ लागलं.

तरीही जुना सूर्य पुरता मावळला नाही, आणि त्याची जागा आहे लग्नपत्रिका. आमच्याकडच्या पत्रिकांत दुपारचा मुहूर्त पुष्कळदा ‘१२ वाजून ३५ मिनिटांनी’ असा छापलेला दिसतो. हा आकडा कोणी सोयीने निवडलेला नाही. शुभ मानला जाणारा अभिजित मुहूर्त हा माध्यान्हीच्या दोन्ही बाजूंना एकेक घटका असा अठ्ठेचाळीस मिनिटांचा असतो, आणि जुन्नर-आंबेगावची माध्यान्ह घड्याळात सरासरीने साडेबाराच्या पुढे पडते. पंचांगकर्त्यांनी स्टँडर्ड टाइम स्वीकारला, पण स्थानिक सूर्याचं गणित सोडलं नाही. गावागावासाठी मिनिटांचं अंतर दाखवून ते मांडत आले. म्हणून ज्या घरात घटिकापात्र कोणी पाहिलेलं नाही, त्या घरच्या लग्नातही अक्षता पडतात त्या गावच्या सूर्याच्या बाराच्या सुमारास.

खोडदचं आभाळ

वेळेच्या इतिहासाचं सगळ्यात नवं पान याच परिसरात लिहिलं जात आहे. निमगाव सावापासून जवळच खोडदला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या खगोलभौतिकी केंद्राची महाकाय रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, उभी आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली साकारलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत, पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. त्या सगळ्यांनी मिळून एकच डोळा व्हायचं, तर प्रत्येकीकडे आलेल्या लहरीची वेळ सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशापर्यंत जुळवावी लागते. शिवाय तारे सूर्याचं घड्याळ मानत नाहीत. नक्षत्रांचा दिवस २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांचा. त्यामुळे इथल्या निरीक्षकांना भारतीय प्रमाणवेळेसोबत इथल्या रेखांशाचा नाक्षत्रकाळही पाहावा लागतो. गावोगावच्या स्वतःच्या वेळेची गोष्ट इथे विज्ञानाची गरज म्हणून जिवंत आहे.

या दुर्बिणीने स्पंदक ताऱ्यांचा वेध घेतला जातो. हे तारे इतक्या नियमितपणे ठोके देतात की त्यांना विश्वातली घड्याळं म्हणता येतं. भारतीय शास्त्रज्ञांच्या गटाने जीएमआरटीवरून वर्षानुवर्षं घेतलेल्या अशा नोंदी युरोपातल्या नोंदींशी जोडल्या गेल्या, आणि जून २०२३ मध्ये अतिमंद कंपनांच्या गुरुत्वीय लहरींचा पुरावा मिळाल्याचं जाहीर झालं. जिथे दिवस कासराने मोजला जाई, त्याच मातीवरून आज दूरच्या ताऱ्यांच्या ठोक्यांतला सूक्ष्म फरक मोजला जातो.

वेळ कोणाची?

या सगळ्या इतिहासातून मला एकच गोष्ट सांगायची आहे. एकच प्रमाणवेळ असणं चांगलं आहे. ती नसती तर रेल्वे, टपाल, रेडिओ, परीक्षा, निवडणुका यांतलं काहीच सुरळीत चाललं नसतं. पण प्रमाणवेळ ही सृष्टीने दिलेली नाही; ती माणसांनी केलेला करार आहे, आणि करार सगळ्यांना विचारून करायचा असतो. मुंबईने एकोणचाळीस मिनिटांसाठी भांडण केलं असं म्हणणं अपुरं आहे. मिनिटं पुढे आली ती खूण म्हणून. भांडण होतं संमतीसाठी. स्वतःचं सरकार आल्यावर तीच वेळ शहराने फारशी खळखळ न करता घेतली, यातच त्याचा दाखला आहे. ईशान्येकडच्या राज्यांत वेगळ्या वेळेची मागणी आजही निघते. आसामच्या चहामळ्यांत ‘बागान टाइम’ प्रमाणवेळेच्या एक तास पुढे चालतो. तिथल्या माणसांना उन्हाळ्यात पहाटे पाचच्या आत उजाडतं आणि कचेऱ्या उघडतात त्या दिल्लीच्या वेळेला. ते काय म्हणत आहेत हे मुंबईचा इतिहास वाचणाऱ्याला लगेच कळावं.

आणि तो प्रश्न आमच्या शिवारातही उभा आहे. शेतीपंपांना वीज आळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की माणसाला उसाच्या, कांद्याच्या शेतात अंधारात पाणी भरायला जावं लागतं. जुन्नर-आंबेगाव हा बिबट्यांचा मुलूख. उसाच्या फडांत त्यांची पिलं वाढतात, आणि रात्री बॅटरी घेऊन बांधावर उभ्या राहणाऱ्या माणसाचा जीव टांगणीला लागलेला असतो. दिवसा वीज द्या ही इथल्या शेतकऱ्यांची मागणी वर्षानुवर्षांची आहे. सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये तिचा विस्तार झाला, आणि तिचं ध्येय दिवसा वीज हेच आहे. हे काम शेवटच्या शिवारापर्यंत लवकर पोचायला हवं. कारण हे वेळापत्रक ठरवताना सोय पाहिली जाते विजेच्या जाळ्याची, आणि किंमत मोजतो शेतकरी. १९०६ मध्ये भोंग्याच्या वेळेची किंमत गिरणी कामगाराने मोजली तशीच. त्या कामगारांना कोणी विचारलं नव्हतं. आपलं राज्य असताना निमगाव सावाच्या शेतकऱ्याला विचारूनच त्याच्या रात्रीचा आणि दिवसाचा निर्णय व्हायला हवा.